मोटारसायकलमागचा मुक्काम

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. मोटारसायकलला ट्रेलर जोडला की तिची सगळी मजाच गेली, असं तू ठासून लिहिलं आहेस. मला ते पटत नाही, पण तुझ्या म्हणण्यात तथ्य नाही असंही नाही. म्हणून निवांत बसून उत्तर लिहितोय. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते ऐक. बंद असताना ती दोन चाकांवरची बुटकी पेटी दिसते. कुलपं काढली की झाकण पुस्तकासारखं एका बाजूला उघडतं, त्याच्या मोकळ्या टोकाखाली दोन पाय लावायचे, की आत घडी घालून ठेवलेला तंबू झाकणाबरोबरच उभा राहतो. दोन माणसांना पाय पसरून झोपता येईल असा सपाट पलंग तयार होतो, तोही जमिनीपासून चांगला वर. खाली चिखल असो, दगड असोत की मुंग्या, पाठीला काही कळत नाही. अंथरूण आतच राहतं, ते रोज गुंडाळायला लागत नाही. सामानाचा कप्पा पलंगाखाली. उत्तर अमेरिकेत मोठ्या टूरिंग गाड्यांमागे असे ट्रेलर कित्येक वर्षं फिरताहेत, त्यामुळे कल्पना नवी नाही. हा नमुना नवा आहे. तो रस्त्यावर चालवून पारखायचा आणि मग लोकांपुढे न्यायचा, हे काम मी घेतलंय.

आता तुझा आक्षेप. डबलसीट लांबच्या प्रवासाला निघताना तुझी गाडी कशी भरलेली असते ते आठव. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे वरची पेटी, तिच्यावर तंबू, आणि वहिनींच्या पाठीला टेकलेली अंथरुणाची वळकटी. हे सगळं वजन उंचावर आणि बरंचसं मागच्या एक्सलच्याही मागे. पुढचं चाक हलकं होतं, हँडल सैल वाटतं, आणि सिग्नलला थांबताना पायावर सगळा तोल येतो. तेच वजन ट्रेलरमध्ये गेलं की जमिनीलगत जातं आणि स्वतःच्या चाकांवर बसतं. गाडीवर फक्त दोन माणसं उरतात. आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की मुक्कामाला पोचलास, पिन काढलीस, की गाडी मोकळी! मग आसपासचे घाट पालथे घाल, संध्याकाळी ये, पलंग तयार. मजा जाते कुठे? उलट ओझ्याशिवाय गाडी चालवायची सोय होते.

पण हे सगळं ट्रेलर नीट भरला असेल तरच. चाचणीत माझा बहुतेक वेळ याच एका गोष्टीत गेला. ट्रेलरचा दांडा गाडीच्या हिचवर, म्हणजे गाडीच्या मागे बसवलेल्या जोडाच्या कडीवर, जेवढा भार टाकतो, तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा लागतो. म्हणजे भरलेला ट्रेलर १२० किलोचा असेल, तर हिचवर १२ ते १८ किलो. घरच्या साध्या वजनकाट्यावर ठोकळा ठेवून, ट्रेलर आडवा समपातळीत धरून दांड्याचं टोक त्यावर टेकवलं की आकडा कळतो. भार जास्त झाला तर गाडीचं मागचं दबतं आणि पुन्हा तेच, पुढचं चाक हलकं. कमी झाला तर त्याहून वाईट: ट्रेलर शेपटी हलवायला लागतो.

हे मुद्दाम करून पाहिलं. मोकळा, सरळ रस्ता, रहदारी शून्य, बनवणारा स्वतः मागच्या गाडीत. पाण्याचे कॅन पुढच्या कप्प्यातून काढून अगदी मागच्या भिंतीला लावले. एकूण वजन तेवढंच, जागा फक्त बदलली. हळू चालवताना काहीच फरक नाही, हीच त्यातली खरी भीती. वेग थोडा वाढवला आणि सीटखाली एक मंद हेलकावा जाणवला, डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे, आणि दर खेपेला आधीपेक्षा जरासा मोठा. आरशात पेटीचा एक कोपरा दिसायचा, मग दुसरा. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही आणि हँडलने त्याला सावरायलाही जायचं नाही. थ्रॉटल हळूच सोडायचा, अंग सैल ठेवायचं, गाडी सरळ राहू द्यायची. वेग उतरला तसा हेलकावा आपोआप विरला. काही जण सांगतात, वेग वाढवला की डुलणं थांबतं. तो सल्ला जीवघेणा आहे, तो कुणाच्याही तोंडून ऐकलास तरी मानू नकोस. कॅन परत पुढे नेले आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ट्रेलर असा मुकाट मागे आला की तो आहे की नाही हे आरशात बघावं लागत होतं.

ब्रेकचं गणित तुला नव्याने सांगायला नको, पण ट्रेलरच्या बाबतीत ते डोक्यात पक्कं हवं. याला स्वतःचे ब्रेक नाहीत. त्याचं वजनही गाडीच्याच ब्रेकांनी थांबवायचं. त्यात गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ६० वरून ८० वर गेलास तर ती जवळजवळ १.८ पट होते. म्हणून सामान पाच-दहा किलोंनी कमी करण्यापेक्षा वेग थोडा कमी ठेवणं जास्त कामाचं. आणि वळणात ब्रेक लावायचाच नाही. लावलास तर मागून येणारा भार मागच्या चाकाला बाहेर ढकलतो. वळणाच्या आधी वेग उतरवायचा, वळणात थ्रॉटल हलका पण चालू, म्हणजे दांड्यावर ताण राहतो आणि ट्रेलर ओढला जातो.

गाडी वाकते, ट्रेलर वाकत नाही. मग जोडाचं काय, हे तू विचारणारच. साधा बॉल आणि त्यावरची वाटी एका मर्यादेपर्यंत वाकू देते. त्यापुढे वाटीची कड अडते, आणि अडल्यावर ट्रेलर गाडीला पिळायला लागतो. या नमुन्यात दांड्यातच गोल फिरणारा जोड बसवलाय. गाडी कितीही कलू दे, उभी असताना आडवी पडली तरी ट्रेलर आपल्या चाकांवर उभाच राहतो. या जोडाची पिन मात्र निघताना आणि दर थांब्याला हाताने चाचपायची. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेदून लावायच्या, म्हणजे जोड सुटला तरी दांड्याचं नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं.

मला सवय करायला सर्वांत वेळ लागला तो तीन मार्गांची. एकट्या गाडीवर आपण खड्डा चुकवतो म्हणजे एक रेघ चुकवतो. ट्रेलर लावला की रस्त्यावर तीन रेघा होतात: मधली गाडीची, आणि दोन्ही बाजूंना ट्रेलरच्या चाकांची. तू खड्ड्याच्या डावीकडून छान निघून जातोस आणि ट्रेलरचं उजवं चाक नेमकं त्यात आपटतं. शिवाय वळणात ट्रेलर आतल्या बाजूने कापून येतो, त्यामुळे कठड्यापासून जास्तीची जागा सोडावी लागते. हळूहळू नजर रुंद होते. खड्डा चुकवायचा की सावकाश त्याच्यावरूनच, तो दोन चाकांच्या मध्ये घेऊन जायचं, हे मग लांबूनच ठरवता येतं.

चाकं लहान आहेत, आठ इंची रिमवरची. लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे घ्यावे लागतात. ८० च्या वेगाला ती मिनिटाला हजाराच्या आसपास फिरतात, तुझ्या गाडीच्या चाकाच्या साधारण दीडपट. सगळा ताण बेअरिंगवर. म्हणून थांबलो की पहिलं काम म्हणजे हातमोजा काढून दोन्ही हबना हात लावणं. कोमट असले तर ठीक. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असला तर तिथेच थांबायचं. ग्रीस संपलंय किंवा बेअरिंग जास्त आवळलंय. मी सगळ्या महत्त्वाच्या नटांवर आणि त्यांच्या बोल्टवर मिळून पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून घेतली होती. नट जरा जरी फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायचीही गरज नाही. खराब रस्त्यानंतर मडगार्डच्या एका नटाची रेघ अशीच तुटलेली सापडली. आता तिथे लॉकनट येतोय.

वायरिंगचं थोडक्यात: ट्रेलरचे दिवे गाडीच्या वायरींना थेट जोडायचे नाहीत, रिलेवरून, म्हणजे गाडीच्या इशाऱ्यावर चालणाऱ्या वेगळ्या विजेच्या स्विचवरून, वेगळा पुरवठा घ्यायचा. नव्या गाड्यांचा संगणक जादा भार ओळखतो आणि चूक दाखवत बसतो.

पावसाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तंबूची किंमत पावसातच कळते. याचं कापड सुती कॅनव्हास आहे. नवं सुती कॅनव्हास पहिल्यांदा भिजतं तेव्हा शिवणीतून पाणी पाझरतं, कारण सुईची भोकं उघडी असतात. एकदा पूर्ण भिजवून पूर्ण वाळवलं की धागे फुगून भोकं बुजतात. हे आधी सांगितलं नाही तर माणूस पहिल्याच पावसात ट्रेलर परत आणून देईल. मी अंगणात पाइपने भिजवून घेतला, एका कोपऱ्यातल्या शिवणीवर थेंब धरताना दिसले, वाळवून पुन्हा भिजवला तर तीच शिवण कोरडी. नंतर खऱ्या पावसात रात्रभर आत झोपलो. बाहेर धो धो, आत अंथरूण कोरडं. पहाटे आतल्या बाजूला दमटपणा धरला होता, तो पावसाचा नव्हे, श्वासाचा. वरची जाळी थोडी उघडी ठेवली की तोही जातो.

एक दोष राहिला होता. झाकण बंद करताना बिजागरीजवळ तंबूचं कापड चिमटीत सापडायचं. दोनदा नीट बंद झालं तरी तिसऱ्यांदा सापडणार, आणि वर्षभरात तिथे भोक पडणार हे नक्की. बनवणाऱ्याला तिथेच उभा करून दाखवलं. त्याने कापडाला आतून इलॅस्टिकची पट्टी शिवली; आता झाकण खाली येताना कापड आपणहून आत ओढलं जातं. मला हा माणूस आवडला तो यासाठी.

गैरसोयी आहेतच. मागे ढकलणं हे एक दिव्य आहे. होंडाने १९८८ साली गोल्ड विंग या आपल्या मोठ्या टूरिंग गाडीला रिव्हर्सची सोय दिली, तशी आपल्या गाड्यांना कुठली! त्यामुळे जिथून पुढे निघता येईल अशाच जागी थांबायचं, नाहीतर ट्रेलर सोडून हाताने वळवायचा. चढावर गाडी उचलताना क्लच तापतो. पेट्रोल जास्त लागतं. आणि कायदा देशागणिक वेगळा. ब्रिटनमध्ये मोटारसायकलमागचा ट्रेलर एक मीटरपेक्षा रुंद चालत नाही, गाडी १२५ सीसीपेक्षा मोठी लागते, आणि भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यातलं जे कमी असेल तेवढंच असावं असं तिथला हायवे कोड, म्हणजे वाहतुकीच्या नियमांची पुस्तिका, सांगतो. आपल्याकडे तो नियम लागू नसला तरी दोन तृतीयांशाचं माप मी मनाशी धरलंय. त्यातच, कित्येक गाड्यांच्या माहितीपुस्तकात ट्रेलर जोडू नये असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तसं असेल तर विम्याचा प्रश्न येतो, आणि ते गिऱ्हाइकाला पैसे देण्याआधी कळलं पाहिजे.

इथेच बनवणाऱ्याशी माझा वाद झाला. त्याला जाहिरातीत तळ्याकाठचा सूर्यास्त आणि ‘कोणत्याही मोटारसायकलला चालेल’ ही ओळ हवी होती. सूर्यास्त असू दे म्हटलं, ओळ काढ. ती वाचून कुणीतरी हलक्या गाडीला हा ट्रेलर लावेल, मागच्या बाजूला पाणी भरेल आणि उतारावर जाईल. माझ्या डोळ्यांपुढे तो हेलकावा आहे, मी त्या ओळीखाली उभा राहू शकत नाही. शेवटी त्याने मानलं. आता पत्रकाच्या पहिल्याच पानावर रिकामं वजन, कमाल भार, हिचवरचा भार, टायरची हवा आणि कमाल वेग एवढे आकडे ठळक असतील. प्रात्यक्षिकाला ट्रेलर नेहमी भरलेलाच असेल. तंबू मी उभारून दाखवणार नाही, बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी उभारेल. मला या कामाचा मोबदला मिळतो हेही मी आधी सांगणार. लोकांनी हा ट्रेलर घ्यावा असं मला मनापासून वाटतं, विशेषतः जोडीने हिंडणाऱ्यांनी. पण आपल्या गाडीला तो झेपतो की नाही हे मोजून घ्यावा.

आता तुझं काम. मी याच्या प्रेमात पडलोय, त्यामुळे माझ्या मजकुरात कुठे जास्त गोड बोललोय ते मला दिसणार नाही. तू वहिनींना घेऊन ये. भरलेला ट्रेलर आधी मोकळ्या मैदानात ओढून बघ, मग रस्त्यावर. वहिनींनी पलंगावर एक रात्र काढावी आणि काय खुपलं ते जसंच्या तसं सांगावं. मग पत्रकाचा मसुदा तुझ्या हातात देतो. ज्या वाक्यावर तुझा विश्वास बसणार नाही ते खोडून टाक.

येताना गाडीचं माहितीपुस्तक आण आणि मागच्या एक्सलवरचा कमाल भार कुठल्या पानावर आहे ते शोधून ठेव. हिचचं माप मला आधी कळव, म्हणजे जोड तयार ठेवतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
माधव