जामहून, आई-बाबांना

जाम (ता. समुद्रपूर)
16 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना,
बेबीचा साष्टांग नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबा, तुम्ही दोन वाक्यं बोलता अन् "घे, आईसंग बोल" म्हणता. आई, तुझा आवाज भरून आला की माझं सांगायचं तसंच राहते. म्हणून लिहून राहिले. बाबा, तुम्ही मोठ्यानं वाचा, आईला बारीक अक्षर दिसत नाही. अन् मधेच कागद खाली ठेवू नका.

नागपूरची नोकरी मी सोडली. रविवारी-रविवारी टी-शर्ट छापायचं जे काम करत होते, तेच आता पूर्णवेळ करते आहे. हैदराबाद रोडवर जामच्या चौरस्त्यापासून थोडं आत दोन खोल्या घेतल्या आहेत. एकीत काम, एकीत मी. दिवाळीत सांगणार होते, पण भाऊबीजेला आत्याकडचे सगळे बसलेले, त्यांच्यासमोर हा विषय काढायचा नव्हता. तुम्ही समजून घ्याल.

आता तुमचा पहिला प्रश्न मला माहीत आहे, म्हणून आधी तेच. सातबाऱ्यावर एक रुपयाचा बोजा चढलेला नाही. वावर गहाण नाही, दादाची सही नाही, आईच्या पाटल्या जिथं आहेत तिथंच आहेत. कर्ज प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून, वर्ध्याच्या जिल्हा उद्योग केंद्रामार्फत मंजूर झालं. चार लाखांचा प्रकल्प आहे. त्यात बाई असेल तर पदरचे फक्त 5 टक्के भरावे लागतात, म्हणजे 20,000. ते माझ्या पगारातून साठवलेले होते. खेड्यात उद्योग टाकला तर बाईला 35 टक्के अनुदान मिळते, शहरात 25. अनुदान हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळतं होते. आणि 10 लाखांच्या आतल्या अशा कर्जाला बँक तारण मागत नाही. बाबा, "बँक" म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येते ते मला ठाऊक आहे. ते साल मीही विसरले नाही. हे तसं नाही.

आता दुसरा प्रश्न. "एवढं शिकवलं ते परत खेड्यात जाऊन बसायले काय?" बाबा, तुम्ही हे म्हणणार, आणि तुमचं चुकत नाही. मी वावरात वाकू नये म्हणून तुम्ही काय काय विकलं ते मी पाहिलं आहे. पण नागपुरात खोलीभाडं, जाणं-येणं, खानावळ यांत पगाराचा किती भाग जात होता हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. इथं दोन खोल्यांना मिळून जे भाडं आहे, त्यात तिकडं एक खोलीही येत नव्हती. अन् जाम म्हणजे आडरान नाही. नागपूर-हैदराबाद रस्ता आणि चंद्रपूरकडचा रस्ता इथंच फुटतात. माल उतरवायला गाडी दारापर्यंत येते. पांढरकवड्याहून तर एकच रस्ता, एसटी बदलावीही लागत नाही. नागपूरपेक्षा मी तुमच्या जवळ आले आहे, हे आधी मोजा.

आई, तुझ्यासाठी. घरमालक काकू-काका वरच राहतात. काकू हिंगणघाटच्या, तुझ्यासारख्याच पहाटे उठणाऱ्या. नळ सकाळी येतो, टाकी आहे, संडास-न्हाणी आत आहे, दाराला दोन कड्या आहेत. शेगडी आहे, कुकर आहे. ज्वारी काकूंच्या ओळखीच्या घरून घेते, भाकर मी स्वतः थापते, आणि आता ती फुगते. तू दिलेलं लोणचं अर्धं आहे, सांडगे संपले. रात्री आठनंतर काम करत नाही. एकटी नाही, गावातल्या दोन मुली मदतीला येतात, पैकी एक बारावी झालेली, हात फार स्वच्छ आहे तिचा. खोकला गेला. केस गळत नाहीत. आणखी काय विचारशील? हो, पांघरुणं दोन्ही आणली आहेत.

मी या कामात काय शिकले ते लिहिते, कारण "कपडे छापण्यात काय आहे" असं आत्याच्या घरी कोणी म्हटलं तर बाबांजवळ उत्तर असावं.

पहिलं म्हणजे कापड. टी-शर्टाचं कापड जीएसएमवर घेतात, म्हणजे एक चौरस मीटर कापड किती ग्रॅम भरते. माझा माल 180 चा आहे, तिरुपूरहून येतो. 140-150 चा स्वस्त पडतो, पण दोन धुण्यांत गळा लोंबतो. व्यापारी कागदावर 180 लिहितो, ते वजन करून पाहावं लागते. आणि पहिला नग धुऊन, वाळवून, पुन्हा मोजून पाहिल्याशिवाय मी छापायला घेत नाही, कारण सुती होजिअरी आटते. बाबा, जिनिंगच्या फाटकात तुम्ही बोंडातली चिमूटभर रुई दोन अंगठ्यांच्या मधे धरून ओढायचे, तुटायची तिथं थांबायचे आणि माझ्या तळहातावर ते धागे ठेवायचे. "पाय, किती लांब आला." मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, तुमच्या अंगठ्यांकडंच पाहत बसायची. आता नवीन गठ्ठा फोडला की शिवणीतला एक धागा उसवून तो तसाच ओढून पाहते. ही मुलगी तुमचीच आहे.

छपाईचं असं आहे. शंभर-दोनशे नग, एक-दोन रंग, तर स्क्रीन प्रिंट. चौकटीवर जाळी ताणलेली, तिच्यावर डिझाइन उठवायचं, वरून रंग आणि रबराच्या पट्टीनं एकाच दाबानं ओढायचं. हात मधे थांबला की तिथं रंगाची जाड रेघ उठते. प्लास्टिसॉल, म्हणजे प्लास्टिकचा रंग, 160 अंशांच्या आसपास पक्का होतो, नाहीतर वरून वाळलेला दिसतो अन् पहिल्या धुण्यात तडकतो. पाण्याचा रंग हाताला मऊ लागतो, मलाही तो आवडतो, पण आपल्याकडं मे महिन्यात तो कापडावर जायच्या आधी जाळीतच वाळतो. म्हणून उन्हाळ्यात त्याचं काम पहाटे. दहा-वीसच नग, फोटो किंवा खूप रंग असले, तर डीटीएफ. फिल्मवर छापायचं आणि हीट प्रेसनं दाबून बसवायचं. कबड्डीच्या पोरांना मात्र पॉलिस्टरची जर्सी लागते. तिचं सब्लिमेशन, म्हणजे उष्णतेनं रंग धाग्यात उतरवणं, सुती कापडावर चढतच नाही. म्हणजे कापूसवाल्याची पोरगी असून पॉलिस्टरही विकते, हे बाबांनी माफ करावं.

मापं ही मोठी गोष्ट निघाली. मंडळाचा अध्यक्ष सरळ म्हणतो, "सगळे एल टाका." तसं कधी नसते. शिवाय एका कंपनीचा एल 40 इंच छाती, दुसऱ्याचा 42. म्हणून नमुन्याचे सगळे नग पिशवीत घेऊन जाते, पोरांना घालायला लावते, नावापुढं माप लिहून घेते. पाठीवर नाव छापायचं असेल तर ते ज्याचं त्याच्याकडूनच लिहून घेते. जोडाक्षरं संगणकात कधी कधी तुटतात, "वऱ्हाडे" चं भलतंच होऊन बसते. नमुना पाहून "बरोबर आहे" असं लेखी आल्याशिवाय मशीन सुरू नाही.

आणि उधारी. आपल्या भागात पैसा कापसाबरोबर येतो. पोळ्याला, गणपतीला टी-शर्टाची मागणी सगळ्यात जास्त, आणि तेव्हाच हात सगळ्यात रिकामे. वर्गणी गोळा व्हायची असते. मग "दसऱ्याले देतो ताई" होते. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं मला फार जड जाते, पण निम्मे पैसे आधी, ही रीत मी सगळ्यांना सारखीच ठेवली आहे, सरपंचांनाही. कोणी रागवत नाही बाबा. रीत सगळ्यांना एक असली की माणसं मानतात. खरी चांगली कामं हिवाळ्यात आहेत: 26 जानेवारीला शाळा, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, पुढं 14 एप्रिल. तेवढ्यासाठीच नोव्हेंबरातच बस्तान बसवलं, उन्हाळ्यापर्यंत थांबता येत नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते नीट वाचा. टी-शर्टाचा भाव काढायला मी बसते तेव्हा वहीत कोरा नग, रंग, वीज, भाडं, बिघडलेले नग, कर्जाचा हप्ता आणि माझी मजुरी असं सगळं ओळीनं मांडते. कोरा नग मला 145 ला पडतो, छापून 250 ला जातो. मजुरीची ओळ मी पहिल्या दिवसापासून घातली आहे. कारण बाबा, आपल्या घरच्या वहीत ती ओळ कधी नव्हती. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, जिनिंगचं भाडं, सगळं तुम्ही लिहायचे. तुमचं रात्रीच्या लाइनीवर ओलित करणं, आईचं निंदण, दुपारभर वेचलेला कापूस डोक्यावर आणणं, हे कुठंच नव्हतं. खर्च वजा करून जे उरायचं त्याला आपण नफा म्हणायचो. ती तुमची मजुरीच होती, आणि तीही पूर्ण नाही.

यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 आहे. एका क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. कताई आणि कटिंगमधली घट धरली तरी त्यातून शंभराच्या आसपास टी-शर्ट होतात. ते शंभर माझ्या दारातून 25,000 ला जातात. आपलाच कापूस तिरुपूरला जाऊन माझ्याकडं येतो असं मी म्हणत नाही, कोणाची गाठ कुठं गेली हे कळत नाही. पण मधला थोडा तरी भाग आपल्या हातात राहावा, एवढं मला करून पाहायचं आहे. नोकरीत ते होत नव्हतं. नोकरी वाईट नव्हती, तिथल्या माणसांनी मला चांगलं वागवलं. तुम्ही ज्या मातीत राबले तिच्यापासून दूर जाणं म्हणजेच पुढं जाणं, असं मला वाटेनासं झालं, एवढंच. तुमच्या कष्टांचं मोल कमी करायला हे करत नाही आहे. उलट आहे.

लग्नाचं आई, तू विचारशीलच. नाही म्हटलेलं नाही. कर्जाचं एक वर्ष नीट जाऊ दे. बघायला येणाऱ्यांना खरं ते सांगा, "पोरगी स्वतःचा धंदा करते." आवाज बारीक करून सांगू नका.

यंदा वेचणीच्या सुरुवातीच्या सीतादहीला मी नव्हते. दादा म्हणाला, आईनं दहीभात नेला आणि सगळ्यात आधी "बेबीचा वाटा" काढून ठेवला. हे ऐकल्यापासून जेवताना घास फिरतो. लहानपणी दहीभात खाऊन मी कापसाच्या ढिगात झोपून जायची, संध्याकाळी केसांत रुई अडकलेली असायची, आणि आई तू ती एकेक करून काढत बसायची, रागवत रागवत. अजून ते बोटांचं फिरणं डोक्यात जाणवते. येत्या वेचणीला दोन दिवस येणार आहे, नक्की.

आता मी सांगते ते करा.

बाबा, कापूस ओला नेऊ नका. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 ते 12 टक्के ओलाव्याचा घेते, 8 च्या वर गेला की भाव कमी, 12 च्या वर घेतच नाही. यंदा पावसानं पार वाट लावली आहे, म्हणून ओसरीत पसरून दोन उन्हं जास्त द्या. काळी बोंडं वेगळी काढा. "कपास किसान" ॲपवर नोंदणी दादाकडून याच आठवड्यात करून घ्या. आधार, सातबारा आणि पिकाची नोंद लागते. घाईघाईत खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळे होऊ नका.

बीपीची गोळी रोज. बरं वाटते म्हणून सोडायची नसते. जागलीला एकटं जाऊ नका, टिपेश्वरच्या जंगलाकडून जनावर फिरते हे तुम्हीच मला सांगितलं. रात्रीच्या लाइनीवर मोटार लावायला दादाला नाही तर शेजारच्या पोराला पाठवा. पैसे मी देईन, आणि ते वहीत लिहा.

आई, तुझ्या मोतीबिंदूचं आता पुढं ढकलायचं नाही. "कापूस निघू दे" असं तू मागच्या वर्षीही म्हटलं होतं. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय इथून जवळ आहे. संक्रांत झाली की ये, तपासणी करू, ऑपरेशन झालं की माझ्याकडंच राहा. धुराजवळ बसायचं नाही, वाकायचं नाही, भाकरी मी करीन. तुझा पलंग काकूंकडून आधीच मागून ठेवला आहे. बाबा, तुम्हीही सोबत या. बैलांचं चार दिवस दादा पाहील, मी त्याच्याशी बोलले आहे.

येताना आईचे जुने चष्म्याचे कागद, दोघांची आधार कार्डं आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी पिशवीत ठेवा. पांढरकवड्याहून सकाळची नागपूर गाडी धरा, कंडक्टरला जाम चौरस्ता म्हणून आधीच सांगून ठेवा, आणि खिडकीची जागा आईला द्या, तिला गाडी लागते. मी चौरस्त्यावर उभी राहीन.

तुमची,
बेबी

ता. क. – सांडगे आणा. थोडे जास्त, काकूंनाही द्यायचे आहेत.