सूचना : कार्डावर अनोळखी खर्च दिसल्यास

देवबाग-तारकर्लीतल्या सर्व होमस्टेधारक सभासदांना,

क्रेडिट कार्डावर न केलेला खर्च दिसला की आधी बँकेच्या ॲपवरून कार्ड ब्लॉक करा, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. (रेंज नसेल तर शेजाऱ्याचा फोन घ्या, पण सोमवारी मालवणात शाखेत जाऊन बघू, असं नको.) बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या, मेसेज पुसू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत बँकेला कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर नाही. ओटीपी दिला असला तरी लाजून गप्प बसू नका. कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. "पैसे परत मिळवून देतो, थोडी फी भरा" म्हणणाराही भामटाच.

– सचिव