अंदमानचा कागद आधी खरा करा : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बेटांच्या सहलींची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी ग्राहकाला मराठीत माहितीपत्रक देणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिकचा माणूस अंदमानला दोन गोष्टींसाठी जातो. निळा समुद्र आणि सेल्युलर जेल. सावरकरांचं भगूर इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायची ही इथे कितीतरी घरांतली इच्छा असते. परतल्यावर मात्र अनेकांच्या तोंडी येतं, "दाखवलं होतं तसं काही नव्हतं." आम्ही या सहली आखतो, म्हणून ठामपणे सांगतो की खोट बेटांत नाही. खोट इथे, नाशिकमध्ये, ग्राहकाच्या हाती ठेवल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदात आहे.

आधी हंगामाचं बघा. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराला जानेवारी ते एप्रिल बाग सोडता येत नाही. माल उतरवायचा, मग खरड छाटणी. त्याला थोडी उसंत मिळते ती पावसाळ्यात, गोडी छाटणीच्या आधी, आणि नेमकी तेव्हाच त्याला 'ऑफ सीझन' सवलतीची सहल विकली जाते. त्या दिवसांत अंदमानचा समुद्र खवळलेला असतो. एलिफंट बीचच्या स्पीडबोटी अनेकदा बंद राहतात, बेटांमधल्या फेऱ्या ऐनवेळी रद्द होतात. नोकरदारांच्या दिवाळीच्या सुटीचंही तसंच, ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. भरवशाचे महिने जानेवारी ते एप्रिल. पावसाळ्यात स्वस्त सहल विकायला आमची हरकत नाही, पण काय काय बंद असू शकतं ते पैसे घेण्याआधी सांगायला नको का?

दुसरी गोष्ट सूर्याची. अंदमान नाशिकच्या जवळपास 19 रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरात नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तिथे पाचलाच. छापील कार्यक्रमात 'सायंकाळी 5 वाजता राधानगर बीचवर सूर्यास्त' असं असतं. हॅवलॉकच्या (आताचं स्वराज द्वीप) जेट्टीपासून राधानगर सुमारे 12 किलोमीटर. साडेचारला हॉटेल सोडणारा गट पोचतो तेव्हा किनाऱ्यावरून लोक परत निघालेले असतात. उन्हाळ्यातही सहाच्या आत सगळं आटोपतं. तिथला दिवस पहाटे पाचला धरला तरच पदरात पडतो. नऊला नाश्ता आणि दहाला बाहेर, ही आपली सुटीची सवय तिथे अर्धा दिवस खाते.

सर्वांत जास्त फसगत होते ती भरती-ओहोटीने. नील बेटावरचा (शहीद द्वीप) नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच जवळून पाहता येतो. भरतीत तिथवर जाणारी खडकाळ वाट पाण्याखाली जाते. उलट भरतपूर बीचवर काचेच्या तळाची बोट चालायला पुरेसं पाणी लागतं. म्हणजे एकाला ओहोटी हवी, दुसऱ्याला भरती, आणि कागदावर दोन्ही ठिकाणं लागोपाठच्या तासांत लिहिलेली. ओहोटीला पाणी दूरवर मागे सरतं, तळाचे मेलेल्या प्रवाळाचे धारदार खडक उघडे पडतात. फोटोत जिथे निळी काच होती तिथे करडा, शेवाळलेला पट्टा दिसतो आणि अनवाणी चालणाऱ्याचे तळवे कापतात. रबरी तळाचे बंद बूट न्या, एवढं एक वाक्यही कोणी छापत नाही. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असल्याने पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त उतरतंही. प्रवासाच्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक आधीच मिळतं. ते पाहून कार्यक्रम लावायला दहा मिनिटं लागतात.

प्रवाळाचे रंग हाही असाच विषय. समुद्र तापला की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. 2010 आणि 2016 मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. शिवाय पाण्याच्या वरच्या काही मीटरांतच लाल रंग शोषला जातो, त्यामुळे डोळ्यांना सगळं निळं-हिरवं दिसतं. जाहिरातीतले भडक लाल-केशरी फोटो दिव्याच्या प्रकाशात काढलेले असतात. स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवणं तर सरळ धोक्याचं. डायव्हिंगनंतर निदान 18 तास विमानात बसू नये, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. दमा, हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांना डॉक्टरांचा दाखला लागू शकतो, हे तिथे पोचल्यावर कळून काय उपयोग?

बहुतेक खासगी फेरीबोटी बंद काचांच्या आणि वातानुकूलित असतात, त्यांत डेकवर वारा खात जाता येत नाही. ओकारीची गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. बारातांग बेटावर जायचं तर रात्री तीनच्या सुमारास निघून जिरकाटांगच्या नाक्यावर वाहनांच्या ताफ्याच्या रांगेत लागावं लागतं. तो रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो, तिथे थांबायला आणि फोटो काढायला सक्त मनाई आहे. 'वाटेत आदिवासी दर्शन' अशी जाहिरात करणाऱ्यावर तर सरळ कारवाईच व्हायला हवी. जारवांच्या संरक्षणासाठी 1956 चा विनियम आहे, आणि माणसं ही दाखवायची वस्तू नव्हे.

आणि जेल. सातपैकी तीनच इमारती उरल्या आहेत. सावरकर 1911 ते 1921 तिथे होते, त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. कोठडीची कडी दारावर नाही. ती बाजूच्या भिंतीत खोबण करून अशी बसवली आहे की आतून गजांबाहेर हात काढला तरी पोचत नाही. हे पाहायला थांबावं लागतं. विमानातून उतरल्या दिवशी, दमलेल्या ज्येष्ठांना 45 मिनिटांत फिरवून आणणं हा भगूरच्या मातीतून गेलेल्या माणसांवर अन्याय आहे. त्यासाठी वेगळी, सकाळची वेळ हवी.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड सांगतो, 1915 ही हेल्पलाइनही आहे. पण ही दाद सहल बिघडल्यानंतरची. गोव्यात 1982 च्या कायद्याने ट्रॅव्हल एजंटला नोंदणी करावी लागते. केंद्राची टूर ऑपरेटर मान्यता मात्र ऐच्छिक आहे.

आमची मागणी एका पानाची आहे. आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी मराठीत छापलेलं, दोन्ही बाजूंनी सही केलेलं पत्रक द्यावं. त्यात त्या महिन्याचं हवामान, सूर्योदय-सूर्यास्त, त्या तारखांची भरती-ओहोटी, प्रवासात जाणारे तास, फेरी रद्द झाल्यास मुक्कामाचा खर्च कोणाचा, आणि दरात काय धरलेलं नाही, हे असावं. फोटो त्याच बेटाचे असावेत. मालदीवचे पाण्यावरचे लाकडी बंगले अंदमानच्या नावाने छापू नयेत. पर्यटन संचालनालयाचं कार्यालय नाशिकमध्ये आहे, सुरुवात या जिल्ह्यापासून करता येईल.

पत्रकाचा नमुना सोबत जोडला आहे. दिवाळीच्या सहलींचं बुकिंग सुरू होण्यापूर्वी त्यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपले,
नाशिकमधील सहल नियोजक