बाटली कितीची?

सोलापूर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय पक्या,

तब्येत ठीक, गुडघा जिथं होता तिथंच. काकूंना नमस्कार सांग.

दीड वर्ष झालं तुला लिहून. केसला उत्तर कसं द्यायचं यावरून भांडून तू आपला जनावरांच्या डॉक्टरांचा ग्रुप सोडलास, त्या रात्री मी "जाऊ दे की बे, आपोआप येईल परत" म्हणलो होतो. तू आला नाहीस. मीही फोन केला नाही. आता लिहितोय ते परवा ग्रुपवर जे झालं त्यामुळं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

मंगळवेढ्याकडचा गोठा. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झालेले, ज्वारीच्या खोडव्याला गुडघ्याएवढे फुटवे. उपाशी जनावरं सुटली आणि शिरली त्यात. एक जागीच मेलं, दोन थरथरत उभी, तोंडाला फेस, श्वास जोरात. तिथल्या पशुधन पर्यवेक्षकानं, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरानं, रक्ताचा फोटो टाकला. गोठ्यातला पिवळा दिवा, रक्त पोलादी ट्रेमध्ये. पहिलं उत्तर दोन मिनिटांत: "चॉकलेटी आहे, नायट्रेट. मिथिलीन ब्लू सोड." दुसरं चौथ्या मिनिटाला: "किरळ लागलीय, नायट्राइट आणि थायो दे." म्हणजे पहिल्याच्या मते नायट्रेटची विषबाधा, दुसऱ्याच्या मते कोवळ्या ज्वारीतल्या सायनाइडची, त्यावर सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट. दोघंही अनुभवी, दोघंही जेवता जेवता उत्तर देणारे. तिसऱ्यानं तर नुसता अंगठा दाखवला. कुणाच्या उत्तराला, ते आजपर्यंत कळलं नाही.

तुला पुढचं सांगायची गरज नाही, पण मला लिहून मोकळं व्हायचंय. सायनाइडमध्ये रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक. नायट्रेटचं पोटात नायट्राइट होतं, हिमोग्लोबिनचं मेथहिमोग्लोबिन होतं, रक्त ऑक्सिजन वाहूच शकत नाही, म्हणून चॉकलेटी. आणि सायनाइडवर आपण सोडियम नायट्राइट देतो ते मुद्दाम मेथहिमोग्लोबिन तयार करायला, सायनाइड त्याला चिकटावं म्हणून. म्हणजे जनावर नायट्रेटचं असेल आणि दुसऱ्या उत्तरातलं औषध शिरेत गेलं, तर जे मारतंय तेच आपण वरून भरलं. त्यात ज्वारी अशी बया की पाण्याचा ताण बसला, वर युरिया जास्त पडला, तर दोन्ही विषं एकाच ताटात असू शकतात.

त्या पर्यवेक्षकानं काय केलं माहितीये? पोरगं पंचवीसेक वर्षांचं. त्यानं पांढऱ्या गॉजवर आजारी गाईच्या रक्ताचा थेंब टाकला, शेजारी दावणीच्या म्हशीचा, जिनं फुटवे खाल्लेच नव्हते. दोन्ही एकाच दिव्याखाली. पाच मिनिटं हवेत ठेवले. मेथहिमोग्लोबिनचं रक्त हवेत लाल होत नाही, तपकिरीच राहतं. नुसतं शिरेचं काळपट रक्त असेल तर ते लाल होतं. गाईचा थेंब म्हशीच्या थेंबापेक्षाही लाल निघाला. ट्रेमध्ये चॉकलेटी दिसलं ते पोलादाचं आणि बल्बचं काम. मग त्यानं ग्रुपवर विचारलं, "सर, थायोची बाटली किती टक्क्यांची धरू? आणि गाय ३८० किलो आहे."

वजन त्यानं टेपनं काढलं होतं बे! छाती ६६ इंच, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत ५८. छातीचा वर्ग गुणिले लांबी भागिले ३००, आले ८४२ पौंड, म्हणजे ३८० किलोच्या आसपास. डोळ्यानं सगळे ३०० किलो म्हणत होते. शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात आपले सर डोस ऐकण्याआधी "वजन?" असं ओरडायचे आणि तू दर वेळी "अंदाजे" म्हणून उभा राहायचास, ते आठवलं.

थायोसल्फेट किलोला ५०० मिलिग्रॅम धरलं तर १९० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांचं ९५० मिली, शिरेतून. वर पोटात उरलेल्या विषासाठी ३० ग्रॅम पाण्यातून तोंडानं. नायट्राइट त्यानं दिलंच नाही. मला ते पटलं. रंगाबद्दल शंका असेल तर एकटं थायो द्यावं, त्यानं नायट्रेटच्या जनावराचं वाईट होत नाही. रंग नक्की चॉकलेटी असता तर एक टक्क्याचं मिथिलीन ब्लू, किलोला ८ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० मिलीच्या आसपास, सावकाश. दोन्ही जनावरं वाचली. औषधानं किती आणि नशिबानं किती, हे मी छातीठोक सांगणार नाही. सायनाइडचं जनावर दोन तास तग धरून राहिलं की बहुधा वाचतंच. जे मरायचं ते आपण गाडीला किक मारेपर्यंत मरतं.

तोंडानं द्यायचं थायो पूर्वी फोटो स्टुडिओतून 'हायपो' म्हणून मिळायचं. आता स्टुडिओवाल्याकडं हायपो मागितलं तर तो पासपोर्ट फोटो किती हवेत विचारतो.

तर मुद्दा असा की तू बरोबर होतास. हे वाक्य कापून भिंतीला लाव. तू म्हणत होतास की केस टाकताना मोजलेलं वजन, वय आणि गाभण आहे का, काय खाल्लं नि कधी, ताप-नाडी-श्वास, आणि आधी दिलेलं औषध बाटलीवरच्या ताकदीसकट, एवढं आल्याशिवाय कुणी उत्तर द्यायचं नाही. आणि उत्तरात मिली लिहायचे नाहीत. मी म्हणलो होतो, रात्री गोठ्यात उभा असलेला माणूस फॉर्म भरत बसणार का? तू झायलाझिनचं, गुंगीच्या औषधाचं, उदाहरण दिलंस, मी हसण्यावारी नेलं. ३८० किलोच्या गाईला किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ३८ मिलिग्रॅम, मिलीला २० मिलिग्रॅमच्या बाटलीतून दोन मिली. कुणी "दोन मिली दे" लिहिलं आणि वाचणाऱ्याच्या हातात घोड्यासाठी आणलेली १०० ची बाटली असली, तर पाचपट. गाय तासन्‌तास आडवी, पोट फुगलेलं, चारा घशातून वर येतोय, शेवटच्या महिन्यांत गाभण असेल तर गाभडण्याची भीती वेगळीच. मिली हा डोस नव्हे, हे तुझं वाक्य मी आता माझं म्हणून सगळ्यांना ऐकवतो.

पण दुसऱ्या भांडणात मी हटणार नाही. पर्यवेक्षक आणि परिचरांना वेगळा ग्रुप द्या, हे तुझं म्हणणं चूक होतं. १९८४ च्या पशुवैद्यक परिषद कायद्यात त्यांना किरकोळ सेवाच, त्याही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली, हे मान्य. पण जनावर आधी कोण बघतं? परवा गॉजवर थेंब कुणी टाकला? देखरेख करायची तर ते समोर तरी असले पाहिजेत. उलट जे धोक्याचं आहे ते त्यांनाच कुणी शिकवत नाही. ब्रुसेला, म्हणजे गाई गाभडवणारा आणि माणसालाही होणारा रोग, त्याची एस-१९ जिवंत लस आहे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडीला धरणारा परिचर असतो, कालवड उसळली की सुई त्याच्या बोटात जाते, आणि तो बोट चोखून कामाला लागतो. लगेच धुऊन, लसीची बाटली सोबत घेऊन माणसांच्या डॉक्टरकडं जायचं, हे किती जणांना माहितीये? वार अडकलेल्या गाईत बिनमोज्याचा हात घालणारे तर आपल्यातही आहेत. नावं घेत नाही, एक जण हे पत्र वाचतोय.

ग्रुपच्या ऑनलाइन व्याख्यानांचं तेच जुनं रडगाणं. कॅमेरे बंद, मध्येच कुणाच्या तरी घरातल्या कुकरची शिट्टी, आणि शेवटी चौकशी एकच, प्रमाणपत्र कधी येणार. म्हणून आता तासाभराचं व्याख्यान बंद केलं. गुरुवारी रात्री ९ ला वीस मिनिटं, एकच केस, सगळ्यांनी डोस काढून दाखवायचा. पहिल्या वेळी अकरा जणांत सात वेगवेगळी उत्तरं निघाली.

तुझी बदली झाली म्हणे? घर मिळालं का? पोरगी बारावीला असेल ना आता. वहिनींना सांग, शेंगाचटणी पाठवतोय, या वेळी तिखट कमी.

येत्या गुरुवारी विषय ज्वारी आणि घेणार तू. दोन गोष्टी सोडू नकोस. वाळवल्यावर सायनाइड बरंचसं उडून जातं पण नायट्रेट कडब्यात तसंच राहतं, इथं निम्म्या लोकांना उलटं वाटतं. आणि सायनाइड ओळखायची पिक्रेटच्या कागदाची चाचणी करून दाखव, पिवळा कागद विटकरी होतो ती. पिक्रिक आम्ल ओलंच ठेव, वाळलं की स्फोट होतो. तू होस्टेलवर स्टोव्ह उडवलास तेवढं पुरे.

काल रात्री तुला परत ग्रुपमध्ये घेतलंय. अजून बाहेर पडला नाहीस, बघितलं मी.

तुझा,
खोली नंबर १४ वाला