अवकाश संगीतात व्हायोलिन हवंच

संपादक महोदय,

अवकाशाच्या थीमवरचं म्युझिक म्हणजे सिंथवर (सिंथेसायझर, विजेवर सूर तयार करणारं वाद्य) एक लांबलचक सूर धरून ठेवायचा आणि वर भरपूर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या हॉलसारखा घुमारा, ओतायचा, असं हल्ली बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून हे पत्र. मी स्वतः घरी कॉम्प्युटरवर असं म्युझिक करतो आणि मला मनापासून वाटतं की खरा ऑर्केस्ट्रा सोबत असेल तरच ते अंगावर येतं. इंग्रज संगीतकार होल्स्टने 1914 ते 1917 मध्ये 'द प्लॅनेट्स' हे ग्रहांवरचं ऑर्केस्ट्रा संगीत लिहिलं तेव्हा मूग हा सुरुवातीचा सिंथेसायझर यायला जवळपास 50 वर्षं होती, तरी त्यातल्या नेपच्यून या भागाच्या शेवटी त्याने बायकांचा कोरस शेजारच्या खोलीत बसवला आणि दार हळूहळू बंद करायला लावलं, आवाज विरत विरत कधी संपला तेच कळत नाही, केवढी भन्नाट कल्पना आहे ही!

सिंथ आणि ऑर्केस्ट्रा एकत्र करताना खरी मारामारी खालच्या सुरांत होते. डबल बास आणि सिंथचा बास एकाच जागी घुसतात आणि नुसता गढूळ आवाज येतो, मी आठवडाभर त्यातच अडकलो होतो, शेवटी सिंथचा खालचा भाग फिल्टरने कापला आणि चेलो एकदम मोकळा झाला. व्हायोलिनचा सूर किंचित हलतो, सिंथचा गप्प स्थिर राहतो, मग मी सिंथलाही जरासं डिट्यून करतो, म्हणजे त्याचा सूर किंचित सरकवतो, तेव्हा कुठे ते एका श्वासात वाजतात.

तुमच्या पुरवणीत यावर कधीतरी सविस्तर लिहा ना, प्लीज.

आपला एक वाचक