नकाशात न दिसणारा कडा : केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

गेली वीसेक वर्षे मी सह्याद्रीत भटकतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे डोंगरात अडकलेल्या माणसांच्या शोधासाठी जाणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर काम करतो आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग आपल्या मंत्रालयाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीत येतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. मागणी एकच आहे. या विभागाने पिढ्यान्‌पिढ्या मोजणी करून तयार केलेले डोंगराळ भागाचे नकाशे सर्वसामान्य माणसाच्या मोबाईलमधल्या जीपीएस अ‍ॅपमध्ये थेट उघडतील आणि नेटवर्क नसतानाही चालतील, अशा स्वरूपात मोफत उपलब्ध व्हावेत.

मोबाईलला रेंज नसली की जीपीएसही बंद पडते, असा समज आजही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तो खरा नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संकेत मोबाईल फक्त ऐकत असतो. किमान चार उपग्रह स्पष्ट ‘दिसले’ तर तो स्वतःचे स्थान काढतो आणि मोकळ्या माचीवर ते साधारणपणे काही मीटरच्या फरकाने बरोबर असते. अरुंद नाळेत, म्हणजे डोंगरातल्या चिंचोळ्या घळीत, दोन्ही बाजूंच्या कातळामुळे ही चूक वाढते, पण तिथेही अंदाज मिळतो. म्हणजे आपण कुठे उभे आहोत, हे खिशातले यंत्र सांगू शकते. आपल्या पुढे काय आहे, हे मात्र नकाशानेच सांगावे लागते, आणि आमची अडचण तिथेच आहे.

सध्या ट्रेकर मंडळी वापरतात ती बहुतेक ऑफलाइन अ‍ॅप्स ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी उभारलेल्या नकाशावर चालतात. २००४ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमाचे ऋण मान्य करूनच पुढचे लिहितो. त्यातल्या वाटा कुणीतरी चालून नोंदवलेल्या असतात, पण समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत केलेल्या रडार-मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत साधारण ३० मीटर अंतरावर एक उंची मिळते. मैदानी प्रदेशात तेवढे पुरते. सह्याद्री मात्र लाव्हाच्या थरांवर थर चढून तयार झालेला पायऱ्यापायऱ्यांचा डोंगर आहे. आधी आडवा पदर, मग सरळ तुटलेला कातळ, मग पुन्हा पदर, अशी त्याची ठेवण आहे. तीस मीटरच्या चौकटीत तो उभा कातळ विरघळून जातो आणि पडद्यावर एखादा तीव्र पण उतरता येण्याजोगा उतार दिसू लागतो.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. एका डिसेंबरात आम्ही चौघे घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या एका नाळेत शिरलो. अ‍ॅपवर तुटक रेषेची वाट होती आणि रेषांमधले अंतर पाहता उतार जमण्यासारखा वाटत होता. दुपारी तीनच्या सुमारास वाट संपली आणि पायाखाली साठेक फुटांचा कातळटप्पा आला. आमच्याकडे दोर नव्हता. परत चढून माथ्यावर यायला रात्रीचे दहा वाजले. पाणी संपले होते आणि एका सोबत्याचा घोटा सुजला होता. वरच्या वाडीतल्या एका आजोबांना दुसऱ्या दिवशी नाळेचे नाव सांगताच ते म्हणाले, “ती वाट मोडून लई वर्सं झाली, तिकडं आता गुरंसुद्धा जात न्हाईत.” त्यांना ठाऊक होते, आमच्या यंत्राला नव्हते. पुढे त्या भागाचे जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाचे नकाशा-पत्रक, मिळवून पाहिले, तर नेमक्या त्या जागी कड्याची खूण स्पष्ट काढलेली होती. कधी काळी आपल्याच देशाच्या सर्वेक्षकाने तिथवर जाऊन ती नोंद केली होती, आणि आमच्या हातात त्या दिवशी ती नव्हती, याचे दुःख अजून जात नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे माझे म्हणणे नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे आणि जनतेसाठीचे नकाशे वेगळे केले. २०१७ मध्ये खुल्या मालिकेतले १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी पूर्वपरवानगीचे जुने जाळे मोडले, आणि डिसेंबर २०२२ च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणाने सार्वजनिक पैशातून तयार झालेली माहिती लोकांना सहज मिळावी, ही भूमिका मान्य केली. त्यामुळे सुरक्षेच्या कारणावरून ही मागणी नाकारली जाणार नाही, असा मला विश्वास आहे. प्रश्न स्वरूपाचा आहे. हे मोफत नकाशे पीडीएफमध्ये मिळतात, आणि पीडीएफ म्हणजे कागदाचे छायाचित्र. ते मोबाईलमध्ये जीपीएसखाली बसवायचे, तर आधी संगणकावर त्याचे कोपरे अक्षांश-रेखांशांशी जुळवावे लागतात. जुने पत्रक हाती असेल आणि त्याची एव्हरेस्ट संदर्भप्रणाली (अक्षांश-रेखांश मोजण्याची जुनी पद्धत) जीपीएसच्या प्रणालीत बदलायची राहिली, तर जागा काही शे फुटांनी सरकते. कड्याच्या काठावर काही शे फूट म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. हे तंत्र येणारी माणसे आमच्यात मोजकी आहेत, आणि वाट चुकतात ती बहुधा दुसरीच, पहिल्यांदा डोंगरात आलेली मुले असतात.

म्हणून समोच्च रेषा, कडे, ओढे, पायवाटा, झरे आणि पाण्याची टाकी हे सगळे वेगवेगळ्या थरांत, जीपीएसच्याच संदर्भप्रणालीत द्यावे, म्हणजे कोणतेही अ‍ॅप ते उचलू शकेल. सुरुवात नाशिकपासून कोल्हापूरपर्यंतच्या घाटमाथ्याच्या पत्रकांपासून करता येईल. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून नाविक या जीपीएससारख्या भारतीय प्रणालीचे संकेत साध्या मोबाईलना घेणे सोपे जाईल अशा एल-१ वारंवारितेवरही मिळू लागले. आकाशातले स्थान सांगणारी व्यवस्था स्वदेशी आणि पायाखालची जमीन मात्र पंचवीस वर्षांपूर्वीच्या परदेशी रडारची, ही विसंगती दूर करणे पूर्णपणे आपल्या मंत्रालयाच्या हातात आहे.

त्याच नकाशांवर नावे देवनागरीतही असावीत. रोमन लिपीत ‘टाके’ आणि ‘ताके’ सारखेच लिहिले जाते, नाळ आणि नाल यांतला फरक पुसला जातो, आणि अडकलेला मुलगा फोनवर जे नाव सांगतो ते शोधणाऱ्याला नकाशावर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट राज्य सरकारशी बोलूनच करावी लागेल, पण पुढाकार आपण घ्यावा. ११२ क्रमांकावर किंवा स्वयंसेवकांना स्थान कळवताना ते एकाच पद्धतीने कळवले जावे. सिंहगड परिसरातला १८.३६४० हा दशांश अक्षांश कुणी १८ अंश ३६ मिनिटे ४० सेकंद असा उतरवून घेतला, तर शोधपथक सुमारे २७ किलोमीटर उत्तरेला, पिंपरी-चिंचवडच्या अक्षांशावर पोहोचते. असे आकडे रात्री तुटत्या आवाजात ऐकून लिहून घेण्याची वेळ माझ्यावर आली आहे आणि दोनदा विचारूनही खात्री वाटलेली नाही. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजीपिन हा जागेचा डिजिटल संकेतांक दहा अक्षरांत सुमारे चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. गडांच्या पायथ्याशी, खिंडीत आणि टाक्यांजवळ लावलेल्या फलकांवर दशांश अक्षांश-रेखांश आणि डिजीपिन दोन्ही रंगवले, तर ज्याचा मोबाईल बंद पडला आहे त्यालाही दुसऱ्याच्या फोनवरून ते वाचून सांगता येतील.

या कामात आम्ही नुसते मागणारे राहणार नाही. विभागाने एखाद्या तालुक्याची पत्रके प्रायोगिक स्वरूपात खुली केली, तर त्यातली प्रत्येक वाट चालून पाहणे, मोडलेल्या वाटा कळवणे आणि वाड्यावस्त्यांवरच्या जाणत्या माणसांना विचारून नावे दुरुस्त करणे, हे आम्ही स्वयंसेवक विनामोबदला करू. दिवाळीनंतर गवत वाळले की वाटा दिसू लागतात, आणि शिमग्यापर्यंत चालता येते. त्याआधी पत्रके हाती आली, तर याच हंगामात काम सुरू करता येईल.

आपला विश्वासू,
पुण्यातील एक गिर्यारोहक व शोध-बचाव स्वयंसेवक