पात्रतेच्या शेवटच्या ओळीतून

प्रिय राधे,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. बाबांची साखर आटोक्यात, आईचा गुडघा तिच्या मूडप्रमाणे. फोनच करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि दोन वाक्यं झाली की तुझं कार्टं फोन ओढतं. हे सांगायला मला जरा पसारा लागणार आहे.

तर ऐक. मला एम.प्लॅनची सीट लागली, तुझ्यासारखीच नगर नियोजनाची मास्टर्स करणार. कुठे ते कागदावर लिहीत नाही, लिहिलं की दृष्ट लागते. हसू नकोस, तूही थिसिसच्या व्हायव्हाला तोच विटका निळा कुर्ता घालून गेली होतीस. सीसीएमटीच्या प्रवेश-पोर्टलवर नाव दिसलं तेव्हा घरात सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे परत शिकायचं?" आणि बाबांनी विचारलं, "नोकरी मिळेल ना?" दोघांच्या प्रश्नांत माझी सगळी काळजी आली, फक्त मला ती लांबण लावून सांगायची आहे आणि ती ऐकायला तुझ्याइतकं हक्काचं गिऱ्हाईक नाही.

आत्ता सीट 'फ्लोट'वर ठेवली आहे. फ्लोट म्हणजे ही घेते, पण वरची कुठली मिळाली तर तीही चालेल. खरं तर वरची नकोच आहे. थोडे दिवस मिळावेत म्हणून केलेला उद्योग आहे तो. 'फ्रीज', म्हणजे हीच पक्की, यावर बोट नेलं की पात्रतेची ती यादी डोळ्यांपुढे येते. तुला पाठ असेल: बी.आर्क., बी.प्लॅन., बी.ई. सिव्हिल, 'किंवा' भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र वगैरे विषयांतली मास्टर्स पदवी. म्हणजे तुम्हा आधीच्यांना पदवी पुरते, आम्हा भूगोलवाल्यांना त्यावर एम.ए. करून यायचं आणि तरी यादीत शेवटी उभं राहायचं. मी त्या 'किंवा'नंतरची.

गेट परीक्षेचा एआर, म्हणजे आर्किटेक्चर-प्लॅनिंगचा, पेपर मी भूगोलाच्या जिवावर मारला असं तुझं मत असेलच. अर्धं बरोबर आहे. दुसऱ्या भागात आर्किटेक्चर किंवा प्लॅनिंग यांतलं एक निवडता येतं, तिथे ख्रिस्टालरचे वस्त्यांचे षटकोन, रँक-साइझ रूल म्हणजे शहरांच्या आकारांची उतरंड, लोकसंख्येचे अंदाज हे माझं रोजचं दळण. ज्या षटकोनांना तू मधमाश्यांचा अभ्यासक्रम म्हणायचीस ना, तेच कामी आले. पण पहिला भाग सगळ्यांना एकच. त्यात बांधकाम, पाणीपुरवठा, मलनिःसारण, गृहनिर्माण, इमारतींचं सगळं. पहिल्यांदा ते गणित आलं: प्लॉट अमुक, एफएआर (एकूण बांधकाम भागिले प्लॉट) 2, ग्राउंड कव्हरेज (इमारतीने व्यापलेली जमीन) 40 टक्के, मजले किती? मी प्लॉटचं क्षेत्रफळ घेऊन गुणाकार-भागाकार करत बसले. मग लक्षात आलं, प्लॉट केवढाही असो, 2 भागिले 0.4, पाच मजले, संपलं. तुम्ही लोक हे झोपेत करता. मी त्या दिवशी चहा करून स्वतःलाच पाजला.

मग कागदपत्रं. माझ्या विद्यापीठाने ग्रेड दिलेत, पोर्टलला टक्के हवेत, आणि रूपांतराचं पत्र देणारे गृहस्थ सतत 'आत्ताच बाहेर गेलेत'. वर गॅपचं प्रतिज्ञापत्र. तासिका तत्त्वावर शिकवलं त्या वर्षांचा अनुभवाचा दाखला जोडला, तर व्हेरिफिकेशनवाला विचारतो, "मॅडम, हा जॉब होता की गॅप?" काय सांगू? आमच्या कॉलेजलाच ते अजून ठरवता आलेलं नाही.

पैशाचं म्हणशील तर गेटवरून गेलं की 12,400 रुपये महिना शिष्यवृत्ती असते. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला दर महिन्याला काहीतरी जमा होतं ही कल्पनाच चैनीची वाटते. तेव्हा बाबांना पैशाची बाजू मी पटवली. ती काळजी नाहीच.

काळजी ही, की तुझ्या बॅचची ती समाजशास्त्रवाली आठवते? तिचं नाव मला आठवत नाही, आणि तुलाही आठवणार नाही, कारण तुम्ही सगळे तिला 'रिपोर्टवाली' म्हणायचात. प्रत्येक स्टुडिओत, म्हणजे आराखड्याच्या गटकामात, तिच्या वाट्याला धडा तिसरा: डेमोग्राफी आणि सोशिओ-इकॉनॉमिक प्रोफाइल. 2011 ची जनगणना उतरवायची, तिच्यावरून 2041 ची लोकसंख्या काढायची, पाय चार्ट लावायचा आणि बाजूला व्हायचं. रस्ता कुठून न्यायचा, शाळेचं आरक्षण कुठल्या गटावर टाकायचं, ते टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठरत होतं. मी तुमच्या हॉस्टेलवर रात्र-रात्र बसून तुझ्या शीटवर निवासी पिवळा आणि औद्योगिक जांभळा भरला आहे, त्यामुळे हे ऐकीव नाही. तेव्हा मला तिचं काही वाटलं नव्हतं. आता मी तीच होणार आहे.

अभ्यासक्रम वाचला. दोन वर्षं, चार सत्रं. पहिल्यात सगळ्यांना एका पातळीवर आणायचं, म्हणजे सिव्हिलवाल्यांना समाज शिकवायचा आणि आम्हाला ड्रॉइंग. मग विकास आराखड्याचा मोठा स्टुडिओ, उन्हाळ्यात ट्रेनिंग, प्रादेशिक नियोजन आणि शेवटी थिसिस. कायदा, अर्थकारण, वाहतूक हे विषय वाचून काढीन, वाचनाला मी कधी भ्यायले? श्रेयांकांचा गठ्ठा मात्र स्टुडिओत आहे. परवा तुझ्या जुन्या 1:4000 च्या शीटची पीडीएफ उघडून बसले. तिथे सेंटिमीटरला 40 मीटर. माझ्या टोपोशीटवर सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर. माझ्या नकाशात वस्ती म्हणजे लाल ठिपके, नदीकाठ का धरला, चढ कुठे, एवढं कळलं की झालं. तुझ्या शीटवर बारा मीटरचा रस्ता आखला की कुणाची पडवी जाते ते दिसतं. त्या रस्त्यावर सही करायची सवय मला नाही. तुला होती का गं? का तिसऱ्या सत्रापर्यंत झाली?

इथे तू म्हणणार, गायरान. म्हण. मीच म्हणते. तू विद्यमान भूवापराच्या नकाशात गायरान 'रिकामी जागा' म्हणून पांढरं ठेवलंस, मी म्हटलं तिथे गुरं चरतात, चार घरं कसतात, रिकामी कशी? तू म्हणालीस, लेजंडमध्ये, म्हणजे नकाशाच्या रंगसूचीत, गुरांचा रंग नाही. मग कुंदाच्या लग्नापर्यंत आपण बोलत नव्हतो. माझं अजूनही म्हणणं तेच आहे, आणि तुमच्या ज्यूरीनेही नेमकं तेच विचारलं होतं, हे मी एवढी वर्षं उगाळलं नाही, ते माझ्या मोठेपणाच्या खात्यात मांड.

तरी स्टुडिओचं एक वेळ निभेल. पुढचं बघ. परवा एका सल्लागार कंपनीची जाहिरात पाहिली. 'अर्बन प्लॅनर हवेत, एम.प्लॅन आवश्यक.' पुढे कंसात 'मूळ पदवी आर्किटेक्चर किंवा सिव्हिल'. म्हणजे प्रवेशाच्या वेळी चालणारा भूगोल नोकरीच्या वेळी पुन्हा आडवा. दोन वर्षं घासून, थिसिस लिहून मी प्लॅनर होईन, की एम.प्लॅन झालेली भूगोलवाली राहीन? मान्यताप्राप्त संस्थेतून केलं तर आयटीपीआय या नियोजनकारांच्या संस्थेच्या असोसिएट सभासदत्वासाठी अर्ज करता येतो हे मला माहीत आहे. पण त्या कंसापुढे ते सभासदत्व चालतं का? तू मुलाखती घेतेस हल्ली. खरं सांग, बायोडेटा हातात आला की आधी मूळ पदवीची ओळ बघतेस ना?

आणि तुटवडा तर केवढा! नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात आहे: राज्यांच्या नगररचना खात्यांत 12,000 हून जास्त नियोजनकार लागतील, मंजूर पदं 4,000 च्याही आत, त्यातली जवळपास निम्मी रिकामी. वर कित्येक राज्यांत या पदांना नगररचनेची पदवी ही आवश्यक अटच नाही. माणसं नाहीत म्हणून ओरड, आणि दारात कंस. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत पालिकांना जे 18 विषय दिले त्यांत पहिलाच विषय नगर नियोजन, हे मी अकरावीच्या पोरांना दरवर्षी ठणकावून सांगते. अभ्यासक्रमात नसताना.

मला राहून राहून तो स्कॉटिश नियोजनकार पॅट्रिक गेडिस आठवतो. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला, तुम्ही सगळे त्याला बाबा मानता. माणूस मुळात वनस्पतिशास्त्राचा, आणि पदवी तर त्याने घेतलीच नव्हती. आज पोर्टलवर बसला असता तर 'मूळ पदवी' या लाल चांदणीच्या रकान्यापुढे सरकताच आलं नसतं. व्हेरिफिकेशनवाल्याने त्यालाही विचारलं असतं, "सर, हा गॅप का?"

दीपालीचं म्हणणं, टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) अर्बन पॉलिसी अँड गव्हर्नन्स कर, त्याची प्रवेश परीक्षा सीयूईटी-पीजी दे, स्टुडिओची कटकट नाही. कोर्स चांगलाच आहे. पण धोरणावर निबंध मी आत्ताही लिहू शकते. मला त्या शीटवर हात ठेवायचा आहे, भीती वाटते तिथेच. तिचा नवरा म्हणतो अमेरिकेत जा, तिकडे कुठल्याही विषयाची पदवी चालते, एक निबंध आणि तीन शिफारसपत्रं. शिफारसपत्रं काळेबाई देतील, फीसुद्धा काळेबाईच देणार का?

तर माझं जवळपास ठरलं आहे. तरी तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात, आणि गोड बोलू नकोस. एक, कंसाचं खरं काय ते सांग. तुमच्या ऑफिसात माझ्यासारखी कुणी आहे का, असली तर तिला साइटवर पाठवता की धडा तिसराच देता? दोन, पहिल्या सत्राच्या आधी मी काय शिकून जाऊ? क्यूजीआयएस, ते नकाशांचं सॉफ्टवेअर, मला येतं, तुझ्यापेक्षा बरं येतं, ड्रॉइंगचं ऑटोकॅड येत नाही. हाताने काढायला बसले तर पहिल्याच महिन्यात हसं होईल का?

तू नवीन घरात रुळलीस ना? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? बाळ्याची शाळा सुरू झाली असेल, आता तरी दुपारी फोन तुझा असेल. नवीन बॉसचं पुढच्या पत्रात सविस्तर लिही, या पत्रात माझ्यापुढे त्याला जागा नव्हती.

फेरी संपायच्या आत कळव.

तुझी,
सुमी

ता. क. तुझा टी-स्क्वेअर, ड्रॉइंगची ती पट्टी, माझ्याकडे आहे. हो, तोच. तू कुंदावर आळ घेतला होतास, तिला काही बोलू नकोस. परत मागू नकोस, मला लागणार आहे.